सगळं समजावून सांगणारा सँडरसन

ब्रँडन सँडरसन या अमेरिकी फँटसी लेखकाच्या, म्हणजे जादू आणि अद्भुताच्या, कादंबऱ्यांबद्दल वाचकांची जी दोन टोकं दिसतात, त्यांच्या मुळाशी एकच सवय आहे. हा लेखक काही झाकून ठेवत नाही. जादू कशी चालते ते तो समजावून सांगतो, आणि पात्राच्या मनात काय चाललंय तेही तितक्याच बारकाईने समजावून सांगतो. पहिल्या गोष्टीसाठी वाचक त्याला डोक्यावर घेतात, दुसरीला कंटाळून पुस्तक खाली ठेवतात. बऱ्याचदा वाचक तोच असतो. ‘मिस्टबॉर्न’ त्याने दोन रात्रींत संपवलेलं असतं आणि ‘ऱ्हिदम ऑफ वॉर’, म्हणजे ‘स्टॉर्मलाइट आर्काइव्ह’ मालिकेचा चौथा खंड, तीन महिने उशाशी पडलेला असतो.

आधी बळाची बाजू, कारण ती खरोखर मोठी आहे. ‘मिस्टबॉर्न’चा पहिला खंड २००६ साली आला. त्यातली माणसं धातूची पूड गिळतात आणि पोटात ती ‘जाळून’ शक्ती मिळवतात. मूळ धातू आठ, आणि ते जोडीने येतात: लोखंड–पोलाद, कथील–प्यूटर, जस्त–पितळ, तांबं–कांसं. प्रत्येक जोडीत पहिला शुद्ध धातू, दुसरा त्याचा मिश्रधातू. शुद्ध धातू ओढतो, मिश्रधातू ढकलतो. लोखंड जाळलं तर आसपासचं धातूचं सामान आपल्याकडे खेचता येतं, पोलाद जाळलं तर दूर लोटता येतं. कथलाने डोळे-कान तीक्ष्ण होतात, प्यूटरने अंगात बळ येतं. जस्ताने समोरच्याच्या भावना भडकतात, पितळेने निवतात. तांब्याने आपली जादू लपते, कांशाने दुसऱ्याची उघडी पडते. धातू भेसळीचा निघाला तर गिळणारा आजारी पडतो. ज्याने कसब्यातल्या तांबट आळीत पितळी पातेल्यावर कथलाची कल्हई चढताना पाहिली आहे, त्याच्या डोक्यात हा तक्ता चटकन बसतो. जस्त कुठलं आणि पितळ कुठलं याचा गोंधळ सगळ्यांचाच होतो. तसा झाला की ‘पितळ हा मिश्रधातू, म्हणजे ढकलणारा, म्हणजे भावना खाली दाबणारा’ एवढं आठवावं.

यातली खरी गंमत वजनात आहे. पोलाद जाळून तुम्ही नाण्याला ढकललंत तर नाणं उडतं, कारण ते तुमच्यापेक्षा हलकं. भिंतीतल्या लोखंडी गजाला ढकललंत तर गज हलत नाही, तुम्हीच मागे फेकले जाता. मग उंच जायचं असेल तर नाणं जमिनीवर टाकायचं आणि त्याला खाली ढकलायचं: जमीन हलणार नाही, तुम्ही वर जाल. न्यूटनचा तिसरा नियम शाळेत शिकलेला कोणीही पुढची मारामारी स्वतः रचू शकतो, आणि सँडरसनला नेमकं हेच हवं असतं. शंभर पानांत तो नियम शिकवतो, पुढच्या दोनशे पानांत सराव करून घेतो, आणि शेवटी त्याच नियमांतून असं काही काढतो की आपल्याला ते आधी का सुचलं नाही असं वाटावं. जादूने किती मोठा पेच सोडवायची मुभा लेखकाला आहे, हे वाचकाला ती जादू किती समजली आहे त्यावर ठरतं, असा नियम त्याने २००७ मध्ये स्वतःसाठी लिहून ठेवला. पुढच्या नियमात त्याने म्हटलं की शक्तीपेक्षा तिच्या मर्यादा जास्त महत्त्वाच्या. पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वसतिगृहांमध्ये हा लेखक का चालतो, ते यावरून कळतं.

पण अद्भुताकडून सगळ्यांची अपेक्षा सारखी नसते. जी. ए. कुलकर्णी वाचून मोठा झालेला मराठी वाचक अद्भुताकडून अर्थ उलगडण्याची वाट बघत नाही. अर्थ हाताला लागून निसटला की तो सुखावतो. अशा वाचकाला धातूंचा तक्ता म्हणजे कारखान्यातली नियमावली वाटते. त्याची तक्रार खरी आहे. समजलेली जादू मोहक असू शकते, पण तिची भीती वाटत नाही. उलट नारायण धारपांच्या पुस्तकांवर रात्री जागवलेल्यांना सँडरसन चटकन आपला वाटतो: सरळ भाषा, घट्ट कथानक, पुढे काय होणार याची ओढ, आणि अमानवी शक्तीलाही काही कायदे. कोणाला सँडरसन द्यायचा हे ठरवताना मी तरी एवढंच विचारेन, की जी.ए. जास्त आवडतात की धारप? दोघंही आवडत असतील तर त्याला सँडरसन निम्मा आवडेल.

भाषेबद्दलचा वाद यातूनच येतो. सँडरसनचं इंग्रजी काचेसारखं आहे. पलीकडचं स्वच्छ दिसतं, काचेकडे मात्र लक्ष जात नाही. इंग्रजी साहित्य चवीने वाचणाऱ्यांना हे सपाट वाटतं. वाक्यांना चाल नाही, लक्षात राहील अशी ओळ क्वचित, आणि राजदरबारातली माणसं आजच्या कचेरीत बोलल्यासारखी बोलतात, हे त्यांचे आक्षेप आहेत आणि त्यांतला शेवटचा मलाही मान्य आहे. पण मराठी माध्यमातून शिकून वयाच्या विशीत इंग्रजी कादंबऱ्यांकडे वळलेल्या वाचकाला हाच सपाटपणा वरदान ठरतो. दर पानाला शब्दकोश उघडावा लागत नाही. अडतं ते त्याने स्वतः घडवलेल्या शब्दांपाशी, आणि तिथे इंग्रजी मातृभाषा असलेला वाचकही अडतोच. त्यावर उपाय एकच: पुस्तकाच्या शेवटी ‘आर्स आर्केनम’ नावाचं परिशिष्ट असतं, ते बघावं. पात्राचं नाव इंटरनेटवर शोधू नये. पहिल्याच ओळीत पुढच्या तीन खंडांचं रहस्य फुटतं.

आता ‘स्टॉर्मलाइट आर्काइव्ह’ ही त्याची अवाढव्य मालिका. सर्वांत जास्त मतभेद इथेच आहेत, आणि बहुतेक वाचक अडतात तेही इथेच. पहिला खंड ‘द वे ऑफ किंग्ज’ २०१० मध्ये आला, अमेरिकी हार्डकव्हर हजार पानांच्या वर. पुढचे खंड २०१४, २०१७, २०२० आणि डिसेंबर २०२४ मधले. पहिल्या खंडाची बांधणी आधी माहीत असली तर निम्मा त्रास वाचतो. पुस्तकाचे पाच भाग आहेत, आणि दोन भागांच्या मध्ये काही सुट्या प्रकरणांचा गुच्छ येतो. त्या प्रकरणांतली माणसं नवी, जागा नव्या, मुख्य कथेशी संबंध लगेच दिसत नाही. शिवाय पहिल्या भागात कलादिन हा सैनिक आणि शलान ही चित्रं काढणारी तरुणी भेटतात, आणि दुसऱ्या भागात शलान पूर्ण गायब. तिच्यात गुंतलेला वाचक शेकडो पानं तिची वाट बघतो, आणि बरेच जण पुस्तक सोडतात ते इथेच. ती तिसऱ्या भागात परत येते. सुटी प्रकरणं पहिल्या वाचनात भराभर वाचली तरी चालतील, पण झेथ नावाच्या मारेकऱ्याची सोडू नयेत.

प्रकरणांच्या डोक्यावरचे तिरप्या अक्षरांतले छोटे उतारेही वगळू नयेत. पुष्कळ जण ते शोभेचे समजून उडी मारतात. ‘मिस्टबॉर्न’च्या पहिल्या खंडात ते एका जुन्या रोजनिशीतले आहेत आणि कथेची किल्ली त्यांच्यातच आहे. ‘द वे ऑफ किंग्ज’च्या पहिल्या भागात मरणाऱ्या माणसांचे अखेरचे शब्द आहेत, दुसऱ्या भागात एक पत्र आहे. पत्र पहिल्यांदा कळणार नाही, आणि न कळल्याने काही बिघडतही नाही.

कलादिनबद्दल वाचकांमध्ये जितकी दुफळी आहे तितकी दुसऱ्या कोणाबद्दल नाही. तो वैद्याचा मुलगा, सैनिक, मग गुलाम, आणि त्याला नैराश्याने घेरलेलं आहे. शक्ती मिळाली म्हणून ते नैराश्य जात नाही. सलग पावसाचे आठवडे आले की तो आणखी खचतो. सिंहगडाच्या पायथ्याच्या गावांतला जुलै ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. स्वतः या आजारातून गेलेले कितीतरी वाचक या पात्राबद्दल कृतज्ञतेने बोलतात, कारण इथे आजार एका विजयाने बरा होत नाही, प्रत्येक खंडात परत येतो. विरोधी बाजू म्हणते की तोच ताण, तेच कोसळणं, तेच उठणं चार वेळा वाचायचं कशाला? आजार असाच असतो, हे पहिल्या बाजूचं उत्तर बरोबर आहे. पण कादंबरीत ते चार वेळा त्याच शब्दांत यायला हवं का, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

माझ्या मते सँडरसन घसरतो तो इथे. जादूसाठी केलेला नियम त्याने नकळत मनालाही लावला. ‘मिस्टबॉर्न’मध्ये जस्त आणि पितळेने भावना वरखाली करता येतात, ते जादू म्हणून झकास आहे. पण ‘ऱ्हिदम ऑफ वॉर’पासून, जादू न वापरताही, पात्रं आपल्या भावनांचं नाव, कारण आणि उपाय स्वतःच सांगू लागतात. पात्र घाबरलंय हे त्याच्या हाताच्या थरथरीवरून कळलं असतं. इथे ते घाबरतं, का घाबरलं ते सांगतं, आणि ही भीती कशी हाताळायची याचा विचारही तिथेच करतं. वाचकाला करण्यासारखं काही उरत नाही. पाचव्या खंडात, ‘विंड अँड ट्रुथ’मध्ये, हे टोकाला जातं. सगळं कथानक दहा दिवसांचं, एकेका दिवसाचा एकेक भाग, आणि युद्ध तोंडावर असताना पात्रं आजच्या समुपदेशनाच्या भाषेत बोलतात. एकनिष्ठ वाचकांतही या खंडावरून फूट पडली.

गंमत म्हणजे ‘ऱ्हिदम ऑफ वॉर’मध्येच समजावून सांगण्याचा त्याचा सर्वांत सुंदर नमुनाही आहे. नवानी नावाची मध्यमवयीन राणी शत्रूच्या पहाऱ्यात राहून प्रकाश आणि ध्वनी यांचं नातं शोधते. प्रयोग फसतात, नोंदी होतात, गृहीतक बदलतं. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना ही प्रकरणं खंडातली सर्वोत्तम वाटतात, लढाया वाचायला आलेल्यांना सर्वांत रटाळ. मी पहिल्यांच्या बाजूने आहे.

‘व्हील ऑफ टाइम’ या दुसऱ्या लेखकाच्या मालिकेबद्दल थोडक्यात. ती अपुरी ठेवून रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेला, आणि त्याची पत्नी व संपादक हॅरिएट मॅकडुगल हिने उरलेलं काम सँडरसनकडे सोपवलं. एका पुस्तकाची तीन झाली, २००९ ते २०१३ मध्ये. त्याने वेग आणला, मोकळे धागे बांधले, पण मॅट हे खोडकर पात्र पहिल्या पुस्तकात त्याच्या हाती लागलं नाही. वाचकांनी ते लगेच ओळखलं आणि सँडरसननेही मान्य केलं.

सुरुवात कुठून करायची? ‘मिस्टबॉर्न’चे पहिले तीन खंड, मग ‘वॉरब्रेकर’ ही सुटी कादंबरी, मग ‘द वे ऑफ किंग्ज’ हा क्रम सर्वांत कमी त्रासाचा. ‘वॉरब्रेकर’ मध्ये घालायचं कारण असं की त्यातलं थोडं सामान स्टॉर्मलाइटच्या दुसऱ्या-तिसऱ्या खंडात येतं, आणि ते ओळखीचं असलं की आनंद दुप्पट होतो. शिवाय ते लेखकाच्या संकेतस्थळावर फुकट आहे, त्यामुळे पदरचे पैसे न घालता चव बघता येते. स्टॉर्मलाइटच्या तिसऱ्या खंडाआधी ‘एजडान्सर’ आणि चौथ्याआधी ‘डॉनशार्ड’ या छोट्या कादंबऱ्या वाचाव्यात. ‘एलान्ट्रिस’ (२००५) ही त्याची पहिली प्रकाशित कादंबरी. कल्पना सुरेख, पण हात अजून बसलेला नाही. तिने सुरुवात करू नये.

विकत घेताना एक चूक हमखास होते. स्टॉर्मलाइटच्या ब्रिटिश पेपरबॅकमध्ये एकेका खंडाची दोन पुस्तकं केलेली असतात. पुठ्ठ्यावर भाग एक, भाग दोन असं बारीक लिहिलेलं असतं, आणि अप्पा बळवंत चौकात किंवा ऑनलाइन घाईत घेताना नुसता दुसरा भाग घरी येतो, किंवा पहिला भाग संपला तरी कथा का संपली नाही हे कळत नाही. कण्यावरचा मजकूर वाचूनच पैसे द्यावेत. पदपथावरच्या नकली प्रतीही टाळाव्यात: शलानची रेखाटनं आणि नकाशे त्यांत काळे ठिपके होऊन जातात, आणि या पुस्तकांत ती चित्रं कथेचाच भाग आहेत. हिंजवडीला रोज जाऊन-येऊन दीड तास घालवणाऱ्यांसाठी श्राव्य आवृत्ती आहे. मायकल क्रेमर आणि केट रीडिंग यांनी वाचलेलं ‘द वे ऑफ किंग्ज’ साडेपंचेचाळीस तासांचं आहे, म्हणजे साधारण तीस कामाचे दिवस. मात्र रेखाटनं त्यात दिसत नाहीत, ती वेगळी बघावी लागतात.

ज्याला हजार पानांचा धसका आहे, त्याला ‘द एम्परर्स सोल’ द्यावी. जेमतेम पावणेदोनशे पानं, आणि २०१३ मध्ये तिला सर्वोत्तम लघुकादंबरीचा ह्यूगो हा विज्ञानकथा-फँटसीतला मोठा पुरस्कार मिळाला. शाय नावाची, वस्तूंच्या हुबेहूब नकला करणारी बाई शिक्के कोरते. शिक्का उमटला की वस्तूचा भूतकाळ बदलतो: मोडकं मेज नीट जपलेलं मेज होतं. पण बदललेला भूतकाळ पटण्यासारखा हवा, नाहीतर शिक्का टिकत नाही. म्हणून तिला आधी ते मेज समजून घ्यावं लागतं. मग तिच्यापुढे खरं काम येतं: हल्ल्यानंतर शुद्ध हरपलेल्या सम्राटासाठी शंभर दिवसांत नवा आत्मा कोरायचा. आता तिला त्याच्या आवडी, त्याचे पश्चात्ताप, तरुणपणी त्याने टाकून दिलेली स्वप्नं असं सगळं खोदून काढावं लागतं. म्हणजे इथे मन समजावून सांगणं हीच जादू आहे, आणि सँडरसनची सवय पहिल्यांदाच आपल्या नेमक्या जागी बसते. जी.एं.चे वाचकही ही पुस्तिका परत करताना तिच्याबद्दल बोलतात, आणि बोलतात ते शिक्क्यांबद्दल नाही, सम्राटाबद्दल.