रायफलीला टेकू कसला द्यावा

मिशिगनमध्ये 15 नोव्हेंबरला हरणांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो. त्याआधीचा महिनाभर रेंजवर नुसती रीघ असते, आणि माझ्या फोनवर आपल्याकडच्या नव्या शिकाऱ्यांची. "दादा, रायफल झिरो करायचीय, रेस्ट कुठला घेऊ?" झिरो करणं म्हणजे दुर्बिणीचा नेम आणि गोळी लागते ती जागा जुळवणं, आणि रेस्ट म्हणजे त्यासाठी रायफलीला द्यायचा टेकू. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा सगळ्यात अवजड यंत्र आधीच पसंत केलेलं असतं. माझ्याकडून फक्त होकार हवा असतो, आणि तो मी देत नाही.

मी मूळचा टूलरूमचा माणूस. चिंचवडला जिग-फिक्स्चर, म्हणजे यंत्रावर जॉब (घडवायचा तुकडा) पक्का धरणारी साधनं, करण्यात उमेदीची वर्षं गेली, इथे डेट्रॉइटजवळही पोट त्यावरच चालतं. फिक्स्चर करताना पहिला सवाल असा असतो, की जॉब कुठल्या दिशेला अजिबात हलता कामा नये आणि कुठल्या दिशेला मोकळा सोडायचा. रायफल वर-खाली नको, डावी-उजवी नको, एका अंगावर कललेली नको. पण मागे? मागे ती सरकलीच पाहिजे. गोळी नळीत असते जेमतेम एक मिलिसेकंद, आणि तेवढ्यात .308 काडतुसाची साधी शिकारी रायफल एक-दोन मिलिमीटर मागे आलेलीही असते. म्हणजे गोळी बाहेर पडताना रायफल हलत असते. ती कशी हलते यावर गोळी कुठे लागणार ते बरंचसं ठरतं.

आता ते अवजड यंत्र, म्हणजे स्लेड, बघा. लोखंडी सांगाडा, मागे दस्त्याचं (रायफलीच्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या अंगाचं) टोक अडकवायची खोबण, खाली ट्रेमध्ये शिशाच्या थैल्या. खांद्याला धक्का जवळजवळ लागत नाही, म्हणून लोक खूश. पण धक्का हवेत विरत नाही हो. खांदा मागे जातो, पन्नास-साठ पौंड शिसं जात नाही. मग तो मार दस्त्याच्या मानेवर आणि दुर्बिणीच्या कड्यांवर बसतो. लाकडी दस्ता असेल तर तडा जाऊ शकतो. शिवाय स्लेडवर जुळवलेला नेम खांद्यावर घेतल्यावर तिथेच राहील याची खात्री नाही. आणि हरणावर गोळी झाडायची ती खांद्यावरूनच ना? ज्याचा खांदा खरोखर दुखरा आहे त्याने स्लेड जरूर घ्यावा, पण शिसं कमी भरावं आणि शेवटच्या काही गोळ्या स्लेडशिवाय झाडून बघाव्यात.

मी सांगतो ते साधं आहे. पुढे तीन पायांचा जड टेकू, उंचीचा स्क्रू असलेला, वर वाळूची छोटी पिशवी. मागे दस्त्याखाली सशाच्या कानांसारखी दोन टोकं असलेली चामड्याची पिशवी. बस.

लोक सगळा पैसा पुढच्या टेकूवर घालवतात, आणि मागे घडी केलेला टॉवेल. खरं तर मागची पिशवी जास्त महत्त्वाची. दुर्बिणीतली फुली निशाणाच्या ठिपक्यावर आणायचं बारीक काम तीच करते: डाव्या हाताने पिशवी दाबली की दस्ता उचलला जातो आणि फुली खाली येते, मूठ सैल केली की फुली वर जाते. हे जमलं की पुढच्या स्क्रूला पुन्हा हात लावावा लागत नाही. पिशवीत वाळूच हवी. प्लॅस्टिकचे मणी भरलेली पिशवी उचलायला हलकी, पण गोळीगणिक आकार बदलते.

दुकानात पुढचा टेकू टेबलावर ठेवायचा आणि वरून अंगठ्याने आडवा ढकलायचा. स्क्रूच्या आट्यांत खडखड जाणवली तर परत ठेवा, किंमत कितीही असो. स्क्रूला घट्ट आवळायची चकती असलीच पाहिजे. पायांखाली टोकं असतील तर ती सिमेंटच्या बाकावर घसरतात. खाली गालिच्याचा तुकडा टाकायचा.

रायफल ठेवताना पुढची पिशवी दस्त्याच्या पुढच्या भागाखाली येऊ द्या, नळीखाली कधीच नाही. नळी टेकली की तिचं कंपन बदलतं आणि गोळी भलतीकडे जाते. पट्टा अडकवायचा खिळाही पिशवीपासून लांब ठेवा, धक्क्याबरोबर तो मागे येऊन पिशवीवर आपटतो. बायपॉडबद्दलही (रायफलीला पुढे लावायचे दोन पाय) विचारतात. मऊ जमिनीवर पालथं पडून उत्तम. सिमेंटच्या बाकावर तो उडी मारतो, आणि स्वस्त प्लॅस्टिकचा दस्ता त्याच्या भाराने वाकून नळीला टेकतो.

कोल्हापूरच्या भाच्याने मला मध्येच अडवलं होतं: "मामा, स्वप्नील कुसाळेला कुठे टेकू होता?" बरोबर. 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं कांस्य त्याने गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून जिंकलं. त्या खेळात टेकू चालत नाही. पण त्या पातळीवरचे नेमबाज काडतुसांचा लॉट (एका वेळी बनलेली खेप) निवडायला रायफल शिकंज्यात पक्की आवळून गोळ्या झाडतात, एली आणि लापुआसारख्या काडतुसांच्या कंपन्यांकडे त्यासाठी खास रेंज आहेत. शिकंजा सांगतो कुठला लॉट एका जागी पडतो. नेम कुठे आहे ते मात्र नेमबाज स्वतः रायफल धरूनच ठरवतो. भाच्याला पटलं.

बाकी कृती थोडक्यात. आधी 25 यार्डांवर. दुर्बिणीवरच्या बुरुजाच्या (नेम सरकवायच्या चकतीच्या) एका क्लिकला 100 यार्डांवर पाव इंच फरक पडत असेल, तर 25 वर इंचभर सरकायला 16 क्लिक लागतात, चार नव्हे. मग 100 यार्डांवर तीन गोळ्या, आणि दुरुस्ती त्या तिघींच्या मध्यावरून. एका गोळीमागे धावून बुरुज फिरवत बसू नका. प्रत्येक तीन गोळ्यांनंतर नळी निवू द्या. उजवा खांदा नेहमीसारखा दस्त्याला लावा, गाल तिथेच टेकवा, आणि रायफल मागे येईल तेव्हा येऊ द्या.

एवढं झालं की टेकू गाडीत टाका आणि उरलेल्या गोळ्या खाली बसून, काठ्यांच्या आधाराने झाडा. मिशिगनमधल्या ग्रेलिंगच्या जंगलात सिमेंटचं बाक कुणी ठेवलेलं नाही.