अमेरिका पाकिस्तानला शस्त्रं का देत आली?

नगरला पाहुणे आले की आम्ही त्यांना रणगाड्यांचं म्युझियम दाखवायला नेतो, आणि तिथल्या पॅटन रणगाड्यासमोर "हा पाकिस्तानचा, पण बनवलेला अमेरिकेने" असं सांगितलं की कुणीतरी हमखास विचारतंच, अहो पण अमेरिकेला कळत नव्हतं का, हे आपल्यावरच चालून येणार म्हणून? तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

कळत होतं. 1954 ला लष्करी मदत द्यायचं ठरलं तेव्हाच अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवरनी नेहरूंना पत्र लिहून भरवसा दिलेला की या मदतीचा कुणी आक्रमणासाठी गैरवापर केला तर आम्ही पावलं उचलू. पण अमेरिकेला सोव्हिएत रशियावर नजर ठेवायला जागा पाहिजे होती, ती पेशावरजवळ बडाबेरला मिळाली, 1960 मध्ये रशियाने पाडलेलं यू-2 हेरविमान पेशावरहूनच उडालं होतं. आणि पाकिस्तानला रशियाशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना शस्त्रं पाहिजे होती ती आपल्यासाठी. मग 1965 मध्ये पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर गावाला आपल्या लोकांनी शेतांत पाणी सोडलं, पॅटन चिखलात रुतले, अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने एकामागून एक टिपले. अमेरिकेने दोन्ही देशांची शस्त्रं थांबवली, पण पाकिस्तानचं सगळं सैन्यच अमेरिकन सामानावर उभं, त्यामुळे मार त्यांना जास्त बसला.

खरा हिशोब कळतो तो एफ-16 या लढाऊ विमानांच्या भानगडीत. रशिया अफगाणिस्तानात घुसल्यावर अमेरिकेचे अध्यक्ष कार्टरनी 40 कोटी डॉलर देऊ केले, पाकिस्तानचे लष्करशहा झिया म्हणाले हे तर शेंगदाणे, कार्टरनंतर रेगन आले आणि 320 कोटी डॉलरची मदत प्लस 40 एफ-16 ची विक्री मंजूर करून मोकळे झाले. अणुबॉम्बचं काम चालू होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण प्रेसलर दुरुस्ती या अमेरिकन कायद्याप्रमाणे मदत चालू ठेवायला अध्यक्षांचं "यांच्याकडे बॉम्ब नाही" असं सर्टिफिकेट लागायचं, ते दरवर्षी मिळत राहिलं. 1989 ला रशिया अफगाणिस्तानातून गेला आणि 1990 ला सर्टिफिकेट बंद, म्हणजे मदतही बंद! नंतरच्या ऑर्डरमधली 28 विमानं पैसे घेऊन तयार होती, ती ॲरिझोनाच्या वाळवंटात उभी राहिली, हिशोब मिटायला 1998 उजाडलं आणि त्यातही काही रक्कम गव्हाच्या रूपात फेडली.

मला जास्त चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. पैशाचे मोठे लोट आले ते अयुब, झिया, मुशर्रफ यांच्या काळात, तिघंही जनरल. 2009 मध्ये शाळा, वीज, दवाखाने अशा कामांसाठी पाच वर्षांत 750 कोटी डॉलर द्यायचा केरी-लुगर कायदा झाला तर त्यातल्या लष्करावर सरकारचा वचक असावा या अटींवर लष्करानेच जाहीर नाराजी व्यक्त केली. तिथल्या साध्या माणसाच्या नावावर मदत आली आणि ताकद वाढली छावणीची, आणि याची किंमत त्यांनीही मोजली, आपणही मोजली.

आता हे सगळं संपलंय का, असं पुढे विचारतात. 2018 ला ट्रम्पनी सुरक्षा मदत रोखली, 2022 ला बायडेन सरकारने त्याच एफ-16 च्या देखभालीसाठी 45 कोटी डॉलरच्या विक्रीला मंजुरी दिली, आणि जून 2025 मध्ये व्हाइट हाउसमध्ये ट्रम्पनी जेवायला बोलावलं ते पंतप्रधानांना नाही, लष्करप्रमुख मुनीर यांना.