दोन वाजून दहा मिनिटं

डिसेंबर २०२२. गोवराची खास मोहीम सुरू होती. अक्राणी तालुक्यात नर्मदेच्या काठी माझं आरोग्य उपकेंद्र. पाड्यांच्या मधे सरदार सरोवराचं पाणी, त्यामुळे लशीचा थंड डबा, कॅरियर, खांद्याला आणि प्रवास बोटीनं.

गोवर-रुबेलाची लस म्हणजे कोरडी पूड. ती विरघळवायचं पाणी, म्हणजे डायल्युएंट, तेही तिच्याइतकंच थंड लागतं. ते घालून वायल, म्हणजे लशीची बाटली, हळू फिरवायची, लेबलवर वेळ लिहायची आणि कॅरियरमधल्या फोमच्या चिरेत खोचायची. तिथून चार तासच ती चालते. पेंटाची, म्हणजे पाच रोगांवरच्या लशीची, उघडी वायल नियमात बसली तर अठ्ठावीस दिवस चालते. हिला ती सवलत नाही, कारण जंतू रोखणारं काही तिच्यात नसतं. दक्षिण सुदानात २०१७ साली लस थंड न ठेवल्यानं आणि एकच सिरिंज चार दिवस वापरल्यानं १५ मुलं गेली, हे प्रशिक्षणात ऐकल्यापासून मी घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधते.

दहा डोसांच्या तीन वायल मागितल्या होत्या. "मुलं अठरा, डोस वीस. वेस्टेजचं उत्तर कोण देणार?" असं म्हणून वरून दोनच मिळाल्या. कागदावर गणित बरोबरच. पण अठरा मुलं तीन पाड्यांवर होती, हे कागदाला कसं कळावं?

पहिल्या पाड्यावर आठ, दुसऱ्यावर सहा. दुसरी वायल १०:१० ला उघडली. मग बोटीचं इंजिन बसलं. तिसऱ्या पाड्यावर दीड वाजता पोचलो. तिघांना टोचलं. चौथ्याची आई दारच उघडेना. थोरलीला गोवर येऊन गेला होता. सुई टोचली तर माता कोपेल म्हणे. आशाताई उंबऱ्याशी बसून बोलत राहिल्या.

आई बाहेर आली. पोर कडेवर, बाही आधीच वर केलेली. २:२५.

वायलमध्ये तीन डोस होते. आशाताई माझ्याकडे बघत होत्या, मी लेबलकडे.

"ताई, ही लस आता चालत नाही. परवा येते."

"परवा आम्ही नाही. उद्या मुकादमाची गाडी येतेय. ऊसतोडीला, गुजरातला."

तिनं बाही खाली ओढली. तिकडच्या दवाखान्यात दाखवायला मी चिठ्ठी दिली, ती तिनं पदराला बांधली.

अहवालात अठरापैकी सतरा. वर सगळे खूश.

वायल टाकली ते बरोबरच केलं, पुन्हाही टाकीन. पण त्या दुपारी २:१० ला मी त्या दारात नव्हते. झाडाखाली बसून टॅलीशीट भरत होते.