वेळासची कासवे आणि बाणकोटच्या पाकोळ्या

मंडणगड तालुक्यातल्या वेळासला मार्चमध्ये गेलो तो ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले पाहायला. पण दुपारी शेजारच्या बाणकोट किल्ल्यावर पाकोळी पक्षी दिसले आणि मग या दोन जिवांचा वेगवेगळा विचार करताच येईना.

किल्ल्याच्या दरवाजाखाली उभे राहिले की पाकोळ्या डोक्यावरून सपकन आत शिरत आणि कमानीला चिकटलेल्या, पिसे व काड्या लाळेने सांधून केलेल्या घरट्यांत नाहीशा होत. विळ्यासारखे लांब पंख असलेला हा पक्षी खातो, पाणी पितो तेही उडता उडताच. त्याची चारही बोटे पुढे वळलेली असल्याने त्याला फांदीवर बसता येत नाही, फक्त भिंतीला लटकता येते.

संध्याकाळी किनाऱ्यावर कासवमित्रांनी, म्हणजे अंडी राखणाऱ्या कार्यकर्त्यांनी, पिल्लांवर झाकलेली टोपली उचलली, तेव्हा काळपट पिल्ले पुढचे पाय आळीपाळीने रेटत वाळूवरून सरकू लागली. एकाला लाटेने तीनदा मागे लोटले. चौथ्यांदा ते पाण्यात तरंगले आणि त्याच क्षणी त्याची चाल बदलली: दोन्ही पुढचे पाय एकदम वर-खाली होऊ लागले, अगदी उडावे तसे. दंडाचे हाड आखूड आणि पंजाची हाडे लांबलेली, ही रचना कासवाच्या वल्ह्यासारख्या पुढच्या पायात आहे तशीच पाकोळीच्या पंखातही आहे, हे मला या प्रवासातले सर्वांत विलक्षण साम्य वाटते. नुकते जन्मलेले हे पिल्लू आणि पूर्ण वाढलेली पाकोळी यांच्या वजनातही फार अंतर नसते. दोघेही पंचवीस ग्रॅमच्या आतबाहेर.

जमिनीशी दोघांचे नाते मुख्यतः अंड्यांपुरते. नर कासव तर सहसा किनाऱ्यावर येतच नाही. मात्र पिढी वाढवण्याच्या रीती अगदी उलट आहेत. मादी कासव शंभरच्या आसपास अंडी वाळूत पुरून निघून जाते. पुढचे दीड-दोन महिने त्यांना ऊब देते ती वाळू, आणि पिल्लू नर होणार की मादी हेही तिच्या तापमानावर ठरते. पाकोळीची अंडी दोन-तीनच, पण नर-मादी दोघेही ती उबवतात आणि हवेत टिपलेल्या किड्यांचा गोळा घशात साठवून पिल्लांना भरवतात.

वेळासमध्ये २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि गावकरी कासवांची अंडी राखत आले आहेत. बाणकोटची डागडुजी करणाऱ्यांनी कमानीखालची घरटीही तशीच राखावीत, निदान त्यांत पिल्ले असताना तरी तिथे हात लावू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.