बॉण्डपटांचा कालक्रम लावताना

लेखापरीक्षणाच्या नोकरीत माझी तेहतीस वर्षे गेली. दोन वह्यांतले आकडे जुळत नसतील, तर चूक बेरजेत आहे, नोंदीत आहे की मुळात दोन वेगळ्या खात्यांची सरमिसळ झाली आहे, हे शोधल्याशिवाय मला आजही स्वस्थता लाभत नाही. जेम्स बॉण्डचे चित्रपट मी शाळेत असल्यापासून पाहत आलो. रॉजर मूरचे चित्रपट पाहण्यासाठी सायकलने नागपुरातल्या सदर भागापर्यंत जात असू. मात्र त्यांच्याकडे हिशेबाच्या नजरेने पाहण्याची वेळ गेल्या उन्हाळ्यात आली.

बारावीची परीक्षा देऊन माझी भाची अमरावतीहून धरमपेठेतल्या आमच्या घरी राहायला आली होती. मे महिन्यात नागपूरला दुपारी घराबाहेर पडण्याची सोय नसते, म्हणून कूलरला नवी खस लावून आम्ही रोज एक बॉण्डपट पाहायचा असे ठरवले. १९६७ चा ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ आणि लगेच दुसऱ्या दुपारी १९६९ चा ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ पाहून झाल्यावर ती म्हणाली, “मामा, हा ब्लोफेल्ड बॉण्डला ओळखत कसा नाही? कालच तर दोघे समोरासमोर बोलत होते नं!” ब्लोफेल्ड हा बॉण्डचा कट्टर शत्रू, स्पेक्टर या गुन्हेगारी संघटनेचा म्होरक्या. माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याच संध्याकाळी मी एक जाड वही आणली.

आधी कोणते चित्रपट हिशेबात धरायचे हे ठरवावे लागले. १९६२ च्या ‘डॉ. नो’पासून २०२१ च्या ‘नो टाइम टू डाय’पर्यंत इऑन या निर्मितीसंस्थेने पंचवीस चित्रपट काढले आहेत, तेवढेच मी घेतले. १९६७ चा ‘कॅसिनो रॉयाल’ हे विडंबन आहे, आणि १९८३ च्या ‘नेव्हर से नेव्हर अगेन’मध्ये शॉन कॉनरी असला तरी तो दुसऱ्या निर्मात्यांनी ‘थंडरबॉल’चीच कथा पुन्हा घेऊन काढलेला चित्रपट आहे. हे दोन्ही बाजूला ठेवल्याने बराच गोंधळ सुरुवातीलाच टळला.

माझा पहिला प्रयत्न अगदी सरळ होता. ज्या वर्षी चित्रपट प्रदर्शित झाला त्याच वर्षी त्यातली घटना घडली असे मानून मी पंचवीस ओळी लिहून काढल्या. पहिल्या काही ओळी उत्तम जुळल्या. ‘डॉ. नो’मध्ये खलनायकाच्या घरात गोयाने काढलेले ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे चित्र दिसते. ते चित्र ऑगस्ट १९६१ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीतून खरोखरच चोरीला गेले होते, तेव्हा १९६२ हे साल बिनचूक बसते. पुढच्याच वर्षीच्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मध्ये स्पेक्टर ही संघटना डॉ. नोच्या मृत्यूचा सूड घ्यायला निघते, म्हणजे क्रमही पक्का. मात्र पुढे वयाचा प्रश्न उभा राहतो. पहिला बॉण्ड कॉनरी याचा जन्म १९३० चा आणि नंतरचा बॉण्ड पियर्स ब्रॉस्नन याचा १९५३ चा. १९६२ मध्ये तिशी ओलांडलेला अनुभवी गुप्तहेर १९९९ मध्ये सत्तरीच्या उंबरठ्यावर असायला हवा, आणि पडद्यावर तर तो चाळिशीतला तरणाबांड दिसतो.

या अडचणीवर अनेक चाहते एक तोडगा सांगतात: ‘जेम्स बॉण्ड’ हे माणसाचे नाव नसून पदाचे नाव आहे, आणि एक गुप्तहेर गेला की दुसऱ्याला ते दिले जाते. तोडगा आकर्षक असल्यामुळे मी आठवडाभर तो मनापासून तपासून पाहिला. त्यासाठी वहीत तीन रकाने आखले: पडद्यावर लिहिलेले काय दिसते, पात्रे काय बोलतात, आणि कोणत्या वस्तू एका चित्रपटातून दुसऱ्यात येतात. कोरलेल्या किंवा लिहिलेल्या मजकुराला मी सर्वाधिक वजन दिले, संवादाला त्याखालोखाल, वस्तूला त्याहून कमी. नटाच्या चेहऱ्याला मात्र मी शून्य वजन दिले, आणि या निर्णयाचा मला पुढे सर्वांत जास्त उपयोग झाला. फेलिक्स लायटर हा अमेरिकी मित्र १९६२ ते १९८९ या काळात सहा वेगवेगळ्या नटांनी साकारला आहे. डेव्हिड हेडिसन १९७३ मध्ये लायटर होता आणि १९८९ मध्ये पुन्हा लायटर झाला, मधल्या १९८७ मध्ये मात्र त्या जागी दुसराच नट होता. चार्ल्स ग्रे १९६७ मध्ये बॉण्डच्या बाजूचा हेंडरसन म्हणून मारला जातो आणि १९७१ मध्ये स्वतः ब्लोफेल्ड होऊन येतो. अशा ठिकाणी चेहऱ्यावर विसंबून काहीच सिद्ध होत नाही.

लिखित पुराव्यात सर्वांत भक्कम निघाला तो एक दगड. १९६९ च्या चित्रपटात बॉण्डचे ट्रेसीशी लग्न होते आणि त्याच दिवशी तिचा खून होतो. तिथे बॉण्ड आहे जॉर्ज लेझनबी. १९८१ च्या ‘फॉर युअर आइज ओन्ली’च्या सुरुवातीला रॉजर मूर एका कबरीवर फुले वाहतो, आणि त्या शिळेवर तेरेसा बॉण्ड हे नाव, १९४३ ते १९६९ ही साले आणि जेम्स बॉण्डची प्रिय पत्नी असा उल्लेख स्पष्ट वाचता येतो. पदाचा वारसा मिळालेला परका माणूस बारा वर्षांनी त्या कबरीपाशी अशा चेहऱ्याने उभा राहणार नाही. सीताबर्डीजवळच्या झिरो माइलच्या खांबावरून मी आयुष्यभर ये-जा केली आहे. कुठल्या गावाचे अंतर किती, हे तिथल्या दगडापासून मोजायचे. त्याच पद्धतीने मी ट्रेसीच्या शिळेवरचे १९६९ हे साल शून्य धरले आणि बाकीचे चित्रपट त्याच्या मागे-पुढे मोजू लागलो. १९७७ मध्ये रशियन हेर आन्या बॉण्डची माहिती सांगताना, एकदाच लग्न झाले आणि पत्नी मारली गेली, एवढे म्हणते आणि तो तिला तिथेच थांबवतो. १९८९ मध्ये टिमथी डाल्टनविषयी लायटर आपल्या नव्या वधूला सांगतो की याचेही एकदा लग्न झाले होते, पण त्याला फार काळ लोटला. १९६९ मध्ये बॉण्ड घराण्याचे बोधवाक्य म्हणून दाखवलेले ‘हे जगही पुरेसे नाही’ या अर्थाचे शब्द १९९९ मध्ये ब्रॉस्नन ‘घराण्याचे बोधवाक्य’ म्हणूनच उच्चारतो. चार नट आणि तीस वर्षे एका धाग्यात येतात.

पदनामाच्या तोडग्याला शेवटचा धक्का बसला तो १९९५ च्या ‘गोल्डनआय’मुळे. त्याचा पूर्वभाग सोव्हिएत काळात घडतो आणि नंतर पडद्यावर ‘नऊ वर्षांनंतर’ असे शब्द येतात. म्हणजे त्या धरणावरून उडी मारणारा ब्रॉस्नन साधारण १९८६ मध्ये ००७ होता. पण १९८५ मध्ये मूर ००७ आहे आणि १९८७ मध्ये डाल्टन! एक वर्ष मूर, एक वर्ष ब्रॉस्नन, मग दोन चित्रपट डाल्टन आणि पुन्हा ब्रॉस्नन अशी पदाची अदलाबदल कोणतेही खाते करणार नाही. नट बदलले तरी माणूस एकच, आणि त्याचे वय काळाबरोबर पुढे सरकत नाही, हे मी त्या दिवशी शाईने लिहिले.

एवढे झाले तरी भाचीचा मूळ प्रश्न तसाच होता. त्यासाठी इयान फ्लेमिंगच्या मूळ कादंबऱ्यांचा क्रम पाहावा लागला, आणि माझ्या मते या सगळ्या शोधातला सर्वांत समृद्ध भाग हाच आहे. कादंबऱ्यांत ट्रेसीच्या लग्नाची आणि खुनाची कथा १९६३ ची आहे, तर जपानमधली सूडकथा, म्हणजे ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’, १९६४ ची. चित्रपटांत हा क्रम उलटला: जपान आधी, लग्न नंतर. उलट क्रमाने घेतलेल्या पटकथेने मात्र कादंबरीशी इमान राखले, आणि कादंबरीत त्या टप्प्यावर ब्लोफेल्डने बॉण्डला समोरून पाहिलेलेच नसल्यामुळे, केवळ चष्मा लावून सर हिलरी ब्रे या नावाने आलेला बॉण्ड त्याच्या आल्प्समधल्या ठाण्यात सहज खपून जातो.

मग १९६९ चा चित्रपट १९६७ च्या आधी घडला असे मानले तर? हा विचार मला फार पटला होता. लेझनबी राजीनामा देऊन टेबलाचा खण रिकामा करतो तेव्हा त्यातून ‘डॉ. नो’मधल्या हनी रायडरचा सुरा, ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मधला मारेकरी रेड ग्रँट याचे गळा आवळायची तार असलेले घड्याळ आणि ‘थंडरबॉल’मधले पाण्याखाली श्वास घेण्याचे छोटे साधन निघते, जपानमधली एकही वस्तू निघत नाही. १९७१ चा चित्रपटही जपानी धाटणीच्या घरात ब्लोफेल्डचा पत्ता विचारत सुरू होतो. दोन दुपारी मी आनंदात होतो. तिसऱ्या दुपारी १९६९ चा चित्रपट पुन्हा लावला आणि बॉण्डचा वरिष्ठ एम त्याला ब्लोफेल्डच्या मोहिमेवरून दूर करताना काय म्हणतो ते नीट ऐकले: त्याला हुडकायला तुला दोन वर्षे मिळाली होती. १९६७ मध्ये ब्लोफेल्ड निसटला, १९६९ मध्ये दोन वर्षे पुरी झाली. संवादाचे वजन वस्तूपेक्षा जास्त, हा नियम मीच केलेला होता, तेव्हा प्रदर्शनाचा क्रम मी पुन्हा जागेवर ठेवला आणि न ओळखण्याची विसंगती कथेत न शोधता कादंबऱ्यांच्या उलट्या क्रमाच्या नावे टाकली. भाचीला हे उत्तर पटले, पण समाधान झाले नाही. मला त्यात तिचे काही चुकले असे वाटत नाही.

कथेबाहेरची कारणे एकदा शोधायला लागल्यावर आणखी गाठी सुटल्या. १९८१ मध्ये चाकांच्या खुर्चीतला, टक्कल पडलेला, मांजर बाळगणारा माणूस धुराड्यात टाकला जातो, पण त्याचे नाव कोणी घेत नाही. ‘थंडरबॉल’च्या हक्कांवरून त्या कथेचा एक सहलेखक केव्हिन मॅक्लोरी याच्याशी झालेल्या वादामुळे ब्लोफेल्ड आणि स्पेक्टर ही नावे इऑनला वापरता येत नव्हती. २०१३ मध्ये तडजोड झाली आणि २०१५ च्या चित्रपटाचे नावच ‘स्पेक्टर’ ठेवले गेले. पहिल्याच चित्रपटात एम बॉण्डच्या बेरेटा पिस्तुलाविषयी बोलतो, की मागच्या कामगिरीत ती अडकली आणि तुला सहा महिने रुग्णालयात काढावे लागले. ती कामगिरी आपण कधीच पाहिलेली नसते, कारण ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ ही कादंबरी ‘डॉ. नो’च्या आधीची असून चित्रपटांत तोही क्रम उलटला आहे. या नोंदी करताना मला खरोखर आनंद झाला, कारण निष्काळजीपणा वाटणाऱ्या जागी प्रत्येक वेळी एखादा करार, एखादा खटला किंवा एखादे पुस्तक उभे होते.

डॅनियल क्रेगच्या पाच चित्रपटांचे उत्तर मात्र चेहऱ्याला शून्य वजन देण्याच्या नियमातून मिळाले. २००६ च्या ‘कॅसिनो रॉयाल’मध्ये बॉण्डला दोन शून्यांचा, म्हणजे मारण्याच्या परवान्याचा, दर्जा नुकताच मिळतो, आणि एम आहे जूडी डेंच, जी १९९५ पासून ब्रॉस्ननची वरिष्ठ होती आणि त्याला शीतयुद्धाचा अवशेष म्हणाली होती. चेहरा बदलल्याने माणूस बदलत नाही असे मी वीस चित्रपटांसाठी मान्य केले असेल, तर चेहरा तोच राहिल्याने माणूस तोच ठरतो असेही मला म्हणता येणार नाही. मग मी दोन खाती केली. पहिल्यात १९६२ ते २००२ चे वीस चित्रपट, ज्यांत वय गोठलेले आहे. दुसऱ्यात २००६ ते २०२१ चे पाच, ज्यांत बॉण्ड घडतो, थकतो आणि मरतो. दुसऱ्या खात्यातला हिशेब फारच स्वच्छ आहे: ‘क्वांटम ऑफ सोलेस’ पहिला भाग जिथे संपतो तिथूनच सुरू होतो, ‘स्कायफॉल’मध्ये आईवडिलांची कबर दिसते, आणि शेवटच्या चित्रपटात ‘कॅसिनो रॉयाल’मधली त्याची प्रेयसी वेस्पर हिच्या कबरीवर १९८३ ते २००६ ही साले कोरलेली आहेत. तिथे मला दुसरा झिरो माइल मिळाला.

एकच नोंद दोन्ही खात्यांत बसत नाही. २००६ मध्ये बॉण्ड बहामात पत्त्यांच्या डावात ॲस्टन मार्टिन डीबी५ जिंकतो. तिचे सुकाणू डावीकडे आहे आणि तिच्यात कसलीही शस्त्रे नाहीत. २०१२ च्या ‘स्कायफॉल’मध्ये तो लंडनमधल्या गाळ्यातून जी डीबी५ काढतो तिचे सुकाणू उजवीकडे आहे, तिच्यात मशीनगन आणि माणूस बाहेर फेकणारी आसनाची कळ आहे, आणि तिचा क्रमांक बीएमटी २१६ए, म्हणजे १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’मधल्या गाडीचाच आहे. ‘गोल्डनआय’मधल्या गाडीवर निदान २१४ए असा वेगळा क्रमांक तरी होता. क्रमांकाची पाटी हा लिखित पुरावा, म्हणजे माझ्याच नियमाने सर्वांत वजनदार; आणि ती मान्य केली तर दोन खाती वेगळी ठेवता येत नाहीत. मी भाचीला फोन करून विचारले. दुसऱ्या बॉण्डने गाडी बदलून घेतली असेल आणि जुना क्रमांक योगायोगाने मिळाला असेल, असे ती म्हणाली, आणि लगेच स्वतःच म्हणाली की हे काही पटण्यासारखे नाही. ती गाडी मी उचंत खात्यात, म्हणजे हिशेब न लागलेल्या नोंदींच्या तात्पुरत्या खात्यात, टाकली आहे आणि समोरचा रकाना पेन्सिलीने आखून मोकळा ठेवला आहे.