हत्यारांची पिशवी

जुनी मोटार पाहायला येणारी मंडळी आधी बॉनेट उघडायला लावतात, रंगावरून हात फिरवतात आणि हॉर्न वाजवून पाहतात. माझे लक्ष मात्र कंपनीने गाडीबरोबर दिलेल्या हत्यारांकडे जाते. जॅक, चाकाचा पाना, प्लगपाना, पक्कड, टायर काढायच्या पट्ट्या आणि इंजिन हाताने फिरवायचे हँडल हे सगळे अजून गाडीतच असेल, तर त्या गाडीचे आजवरचे धनी कसे होते याचा बराचसा अंदाज येतो. इंजिन दुरुस्त करता येते, पत्रा ठोकता येतो, गाद्या नव्याने शिवता येतात. पण गाडीबरोबर आलेला पाना एकदा शेजारच्या मळ्यातल्या पंपासाठी गेला, की तो परत येत नाही.

अमळनेरला मामांकडे एक मॉरिस एट आहे. १९३५ ते १९४८ या काळात इंग्लंडात तयार झालेली ही छोटी गाडी एका जिनिंगवाल्या शेटजींकडून आजोबांकडे आली, आणि तिच्याबरोबर खण शिवलेली खाकी कॅनव्हासची पिशवीही आली. पिशवीची गुंडाळी सोडून पसरली की प्रत्येक खणावर आतल्या हत्याराचा तांबूस ठसा उमटलेला दिसतो, त्यामुळे कोणता पाना कुठे जायचा हे कोणाला विचारावे लागत नाही. प्लगपान्यात आडवी घालायची सळई मधोमध किंचित वाकलेली आहे. कधी तरी, कोणी तरी हट्टाला पेटून जोर लावला असणार.

त्या काळी ही हत्यारे शोभेची नव्हती. मॉरिस एटची बॅटरी अवघी ६ व्होल्टची. ती उतरली की समोरून हँडल मारण्यावाचून इलाज नसे, आणि एरंडोल-पारोळ्याच्या मधल्या रस्त्यावर गाडी बंद पडली तर मेकॅनिकची वाट पाहण्यात अर्थ नसे. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा असतो, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा किंवा मनगट हमखास दुखावते. मामा अजूनही कोणाच्या हाती हँडल देण्यापूर्वी त्याचा अंगठा तपासतात.

मूळ पाने जपण्यामागे भावनेपेक्षा भूमिती मोठी आहे. नटबोल्टांच्या मापाच्या ब्रिटिश व्हिटवर्थ पद्धतीत पान्यावरचा आकडा पान्याच्या तोंडाचा नसतो, तो बोल्टच्या जाडीचा असतो; म्हणून पाव इंच असा शिक्का असलेल्या पान्याचे तोंड प्रत्यक्षात ०.५२५ इंच, म्हणजे साधारण १३.३ मिलिमीटर भरते. मॉरिसने तर यावरही कडी केली. पहिल्या महायुद्धाच्या काळात कॉव्हेंट्रीत आलेल्या हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना पुढे मॉरिसने घेतला, तेव्हा यंत्रे फ्रेंच असल्यामुळे बोल्टांचे आटे मेट्रिक, म्हणजे मिलिमीटरच्या मापाचे राहिले आणि डोकी मात्र व्हिटवर्थच्या मापाची करण्यात आली. मागे एक तरुण मेकॅनिक चकचकीत मेट्रिक पान्यांचा सेट घेऊन आला होता. मामांनी पुढे केलेल्या कळकट पिशवीकडे पाहून तो म्हणाला, "हाई काय कामनं शे?" तेराचा पाना नटावर बसेना, चौदाचा घसरू लागला, आणि नटाचे कोपरे गोल होण्याआधीच त्याने मुकाट्याने पिशवीकडे हात केला.

हत्यारांची जागा ठरवताना काही कंपन्यांनी फार रसिकपणा दाखवलेला आहे. जग्वार मार्क टू या गाडीत स्टेपनीच्या पोटात बसणारी गोल पेटी असे, तर बीएमडब्ल्यूच्या कित्येक मॉडेलांत डिकीच्या झाकणालाच आतून हत्यारांचा कप्पा जोडलेला असे. साध्या गाडीला मात्र साधी पिशवीच मिळाली, आणि ती सांभाळणे अधिक कठीण.

कोकणात हत्यारांचा वैरी दमट हवा. आपल्या खान्देशात आधी ऊन आणि मग धूळ. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये बंद असलेल्या गाडीत चामडे तडकते आणि लाकडी मुठी सुकून सैल होतात. त्यानंतर जूनमध्ये पहिला पाऊस आला, की कॅनव्हासमध्ये बसलेली काळ्या मातीची धूळ ओल धरते आणि पान्यांवर गंज चढू लागतो. म्हणून मृगाच्या आधी पिशवी रिकामी करून झटकावी, हत्यारे रॉकेलने पुसून त्यांवर पातळ तेलाचा हात फिरवावा आणि जास्तीचे तेल कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे; कॅनव्हास तेलात भिजला तर धूळ आणखी घट्ट बसते. तारेच्या ब्रशने घासून हत्यारे चकचकीत करू नयेत, कारण मूळ काळा थर एकदा गेला की तो परत आणता येत नाही. चामड्याच्या वेष्टनात तर उघडे लोखंड कायमचे ठेवूच नये, कारण चामडे कमावताना वापरलेली द्रव्ये आणि त्यात मुरलेली ओल मिळून धातू खातात. कपाशीच्या गंजीशेजारी गाडी उभी असेल, तर उंदरांचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो.

इतका व्याप कशाला, घरातल्या कपाटातच ठेवा, असे सुचवणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. कपाटातली हत्यारे गंजत नाहीत हे खरे, पण ती गाडीपासून तुटतात. वाटणी होते, गाडी एका भावाकडे जाते आणि कपाट दुसऱ्याकडे. किंवा गाडी विकली जाते आणि हत्यारांची आठवण व्यवहार पुरा झाल्यावर होते. त्यापेक्षा रस्त्यावरच्या कामासाठी गाडीत दुसरा, माप तपासून घेतलेला संच असावा आणि मूळ संच त्याच्या ठरलेल्या जागीच राहावा. पन्नास वर्षांपुढच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज गाड्यांसाठीच्या 'व्हीए' मालिकेचा नोंदणी क्रमांक मिळू शकतो. त्यासाठी गाडीचे कागद काढाल तेव्हाच पिशवीतल्या एकेका वस्तूची मापांसह यादी करून त्याच फाइलीत लावावी. मामा दर खंडेनवमीला हत्यारे पूजेला मांडतात, तेव्हा मोजणीही आपोआप होते.

मामांच्या पिशवीतला एक खण मात्र बरीच वर्षे रिकामा आहे. त्यात नवा क्रोमचा पाना घालून ठेवावा, असा सल्ला येणारे-जाणारे देत असतात. माझ्या मते तो रिकामाच बरा, कारण उसना पाना बसवला की शोध थांबतो. धुळे-जळगावच्या भंगाराच्या ढिगांत असे पाने अधूनमधून निघतात, पण त्यांवरचे शिक्के बहुधा झिजलेले असतात. तेव्हा तिकडे जाणाऱ्याने खिशात बारीक माप घ्यायचे व्हर्निअर ठेवावे, आणि भाव विचारण्याआधी माप घ्यावे.