पेडल खाली, हात वर

ऐंशीच्या दशकातल्या डिस्को गाण्यांचा कार्यक्रम असला की आमच्या ऑर्केस्ट्रात निम्मा बेस माझ्याकडे, म्हणजे बेस गिटारकडे, नसतो. त्यातल्या बऱ्याच गाण्यांचा मूळ बेस सिंथवर, म्हणजे सिंथेसायझरच्या कीबोर्डवर, वाजलेला आहे, आणि तो आमचा दुसरा कीबोर्डवाला डाव्या हातानं वाजवतो. कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहातल्या कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच अरेंजर सरांचा फोन आला: तो तापानं फणफणलाय, येणार नाही. "पहिल्या कीबोर्डकडे स्ट्रिंग्ज आणि ब्रास, त्याचे दोन्ही हात अडकलेत. सिंथ बेस आता तुलाच बघायचाय. आणि गिटारसारखा नको हां. तो फुगलेला, रबरी आवाज पाहिजे."

बेस गिटारमधून तसा आवाज काढायचा तर ऑक्टेव्ह पेडल हवं, म्हणजे सूर एक सप्तक खाली नेणारी, पायानं चालू-बंद करायची डबी. दुकानं उघडायची वाट बघत बसण्यात अर्थ नव्हता. दोन ठिकाणी फोन केले आणि दुपारपर्यंत दोन पेडलं घरी आली. एक आमच्या लीड गिटारवाल्याचं, इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं मायक्रो पॉग. दुसरं माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाच्या वडिलांचं, बॉसचं तपकिरी ओसी-टू. बॉसनं हे पेडल १९८२ मध्ये आणलं आणि २००३ मध्ये बंद केलं. पिनो पॅलाडिनोसारख्या नामवंत बेसवादकाच्या पायाखाली ते होतं, त्यामुळे बेसवाले अजून ते शोधत फिरतात.

दोन्ही पेडलं एक सप्तक खालचा सूर देतात, पण दोघांच्या पोटात वेगळं यंत्र आहे. मायक्रो पॉग डिजिटल आहे. दोन-तीन सूर एकदम छेडले तरी प्रत्येकाचा खालचा आणि वरचा जोडीदार ते नीट काढून देतं, जाड तारेवरही फारसं अडखळत नाही. आवाज मात्र गोल आणि सभ्य, ऑर्गनच्या अंगानं जाणारा. ओसी-टूचं काम साधं आहे. आतलं सर्किट तारेची आंदोलनं मोजतं आणि दर आंदोलनाला एकदा पलटी मारतं, म्हणजे दोन आंदोलनांचं एक होतं. आंदोलनं निम्मी झाली की सूर बरोबर एक सप्तक खाली. या पलट्यांमुळे लहरीचा आकार तारेचा राहत नाही, ती कोनदार होते, आणि तीच सिंथची चव. पण त्याला एका वेळी एकच सूर चालतो. शेजारची तार नुसती गुणगुणत राहिली तरी मोजणी चुकते आणि आतून गुळण्या केल्यासारखा आवाज यायला लागतो.

सरांना हवा तो आवाज ओसी-टूतच होता, हे पहिल्या दोन सुरांत कळलं. तरी काहीतरी बिनसलं होतं. दिवा मिणमिणत होता आणि सूर थरथरत होता. पेडल उलटं करून बघितलं तर मागे अडॅप्टरच्या जागी 'एसीए' छापलेलं. ही जुनी पेडलं बॉसच्या तेव्हाच्या, जास्त व्होल्टेज देणाऱ्या अडॅप्टरसाठी बनलेली. आजचा ९ व्होल्टचा अडॅप्टर एकट्या अशा पेडलला लावला की आतल्या सर्किटपर्यंत कमी व्होल्टेज पोचतं. अडॅप्टर काढून कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी घातली. दिवा भक्क पेटला, थरथर गेली. कितीतरी लोक अशी चांगली पेडलं बिघडलेली समजून मातीमोल भावात विकून टाकतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

उरलेली दुपार बेसचीच वाट लावण्यात, म्हणजे चांगल्या अर्थानं, मार्गी लावण्यात गेली. ब्रिजजवळचा पिकअप, म्हणजे तारेची आंदोलनं टिपणारं चुंबक, पूर्ण बंद, मानेजवळचा पूर्ण चालू, टोनचा नॉब जवळजवळ शून्यावर. उजवा हात फ्रेटबोर्डच्या टोकाशी नेला. तिथे तारेचा मूळ सूर ठसठशीत मिळतो आणि वरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुरासोबत वाजणारे बारीक सूर, दबतात, त्यामुळे सर्किटला मोजायला सोपं जातं. पेडल सगळ्यांच्या आधी, बेसमधून निघालेली वायर थेट त्यातच. त्यानंतर माझं नेहमीचं ऑटो-वा, म्हणजे आवाज 'वा-वा' असा उघडझाप करणारं पेडल. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज खरखरीत करणारा इफेक्ट, आधी लावला की ओसी-टू बावचळतं.

संध्याकाळी साउंडचेकला सर उत्साहात होते. डिस्कोचं पहिलं गाणं पांढरी तीनमध्ये, म्हणजे ई. सर म्हणाले, "ओपन ईवरच दे. सरळ सप्तकभर खाली जाऊ दे, हॉल हादरला पाहिजे."

मी म्हटलं, "सर, तो ऐकू येणार नाही."

"दे तर."

डायरेक्टचा, म्हणजे बेसच्या मूळ आवाजाचा, नॉब शून्यावर ठेवून मी सगळ्यात जाड, ईची तार न दाबता छेडली. मिक्सरवरचा मीटर थेट लाल रेघेपर्यंत गेला. सबवूफरच्या जाळीआडचा कागद लपलप पुढेमागे होताना स्टेजवरून दिसत होता. आवाज मात्र नाही. कुठेतरी पंखा लागल्यासारखी नुसती हवा. साउंडवाले दादा मागून ओरडले, "अहो थांबवा, सब फाडाल माझे!"

ओपन ई म्हणजे सेकंदाला साधारण ४१ आंदोलनं. त्याच्या खालचं सप्तक २० च्या जरा वर, आणि माणसाच्या कानाची खालची हद्दही तिथेच आहे. अ‍ॅम्पची सगळी ताकद न ऐकू येणाऱ्या सुरावर खर्च होते. शिवाय जाड तारेच्या खालच्या भागात मूळ सूर मुळातच अशक्त, त्याच्या डोक्यावरचा स्वरांशच जास्त बोलतो. त्यामुळे जुनं सर्किट तिथे हमखास गडबडतं. मी हात उचलून डीच्या तारेवर दुसऱ्या फ्रेटवर नेला. तोही ई-च, पण ८२ चा. पेडलनं त्याचा ४१ केला. सूर तोच, जो मी पेडल न लावता ओपन तारेवर वाजवला असता, पण आता त्याला कडा होत्या, तो जाड होता, तारेचा टणत्कार पूर्ण गायब. खुर्च्यांच्या चौथ्या-पाचव्या रांगेत उभे असलेले सर जागेवरच डोलायला लागले.

ऑक्टेव्ह पेडल खोल जाण्यासाठी घेतात, असं शिकायला येणारी बहुतेक मुलं धरून चालतात. बेस आधीच पुरेसा खोल असतो. हे पेडल आहे ते हात वर नेण्यासाठी. पाचव्या फ्रेटच्या पुढे, बारीक तारांवर वाजवायचं आणि खालचं काम पेडलवर सोडायचं.

पण हात किती वर न्यायचा, हे हॉल ठरवतो. आमच्या गायिका ताईंचं गाणं काळी एकमध्ये होतं. तिथला सा मी एच्या तारेवर चौथ्या फ्रेटला घेतला असता, तर पेडलमधून ३५ च्या आसपासचा सूर निघाला असता. दादांना विचारलं तर ते म्हणाले, "चाळीसच्या खालचं मी सगळं कापून टाकलंय." म्हणून त्या गाण्यात मी जीच्या तारेवर सहाव्या फ्रेटला गेलो. १३९ चा सूर, पेडलनंतर ६९. ड्रमरच्या किकच्या जरा वर तो सुरेख बसला. मनगट मात्र गाणंभर अवघडलेलं होतं, कारण सगळी ओळखीची बोटं नव्या जागी गेली होती.

कार्यक्रमात खरी कसोटी सूर कापण्याची होती. छेडलेली तार विझत जाते तसं या पेडलला काय मोजावं ते कळेनासं होतं आणि सुराची शेपटी फाटते. सिंथच्या बेसला मुळात शेपटी नसते, पट्टी सोडली की सूर संपला. म्हणून प्रत्येक सूर डाव्या हातानं, फाटायच्या आत, ठरलेल्या जागी थांबवायचा. उरलेल्या बोटांनी बाकीच्या तारा दाबून धरायच्या. ते जमलं आणि ऑटो-वा उघडझाप करायला लागला, तेव्हा पहिला कीबोर्डवाला वळून माझ्याकडे बघायला लागला. त्याला वाटलं, सरांनी सिक्वेन्सर, म्हणजे आधी भरून ठेवलेले सूर वाजवणारं यंत्र, सोडलाय!

शेवटी प्रेक्षकांतून कोळीगीताची फर्माईश आली. सर इशारा करायच्या आत मी पायानं पेडल बंद केलं होतं. ढोलकीच्या धुमला तिची स्वतःची जागा लागते. तिथे फुगलेला बेस घातला तर ती बिचारी कुणाला ऐकूच जाणार नाही. साधा बेस, छोटे सूर, बास.

पेडल परत करताना त्या मुलानं सेटिंगचा फोटो काढून घेतला: ऑक्टेव्ह एक घड्याळातल्या तीनवर, ऑक्टेव्ह दोन बंद, डायरेक्ट बंद. वाजवून झालं की इनपुटची पिन काढून ठेव, नाहीतर बॅटरी रात्रभर जळत राहते, हेही त्याला सांगितलं. सरांनी त्यातली दोन गाणी आता कायमची माझ्याकडे दिली आहेत, त्यामुळे मला स्वतःचं पेडल घ्यायचंय. दुकानात स्वतःचा बेस घेऊन जाणार आहे. एच्या तारेवर बाराव्या फ्रेटपासून एकेक फ्रेट खाली येत, सूर कुठे फाटायला लागतो ते बघणार. बॉसच्या नव्या ओसी-फाइव्हमध्ये जुन्या ओसी-टूचा मोड आणि अनेक सूर एकदम सांभाळणारा मोड असे दोन्ही आहेत, त्यामुळे सुरुवात त्याच्यापासूनच करीन.